‘सत्याचा सूर्य’ चोरीला जातो

आनंदराव दसगुड्यांचं नाटक चोरीला गेलं, ही बातमी शिरूरमध्ये पसरली तेव्हा त्या नाटकाबद्दल कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चोराचं.

हे झालं दोन हजार आठ सालच्या थंडीत. आनंदराव तेव्हा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. माणूस तसा सज्जन. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. फक्त त्यांना सगळ्यांचा संशय यायचा. गॅसचं सिलिंडर आलं की स्वतःच्या काट्यावर वजन केल्याशिवाय ते आत घेत नसत. एसटीत शेजारच्यानं डोळे मिटले की तो खरंच झोपलाय का झोपेचं सोंग घेतोय, याचा त्यांना स्टँडपासून न्हावऱ्यापर्यंत घोर लागे. “तुमचा स्वभाव संशयी आहे,” असं त्यांची बायको चांगुणाबाई लग्नापासून म्हणत आल्या होत्या. हे वाक्य त्यांना माहेरच्या कुणीतरी शिकवून पाठवलं असावं, असा आनंदरावांना संशय होता.

अशा माणसानं नाटक लिहिलं. नाव ‘सत्याचा सूर्य’. नायक सत्यजित हा प्रामाणिक अधिकारी. भ्रष्ट साहेबाच्या तोंडावर तो राजीनामा फेकतो आणि त्याआधी एक भाषण करतो. भाषण लांब होतं. म्हणजे साहेबाचं काम करणारा नट मधे जाऊन चहा पिऊन आला असता तरी सत्यजित ‘नीतिमत्ता’ या शब्दाच्या आसपासच असता. पण आनंदरावांच्या मते नाटकाचा प्राण त्या भाषणातच होता. आयुष्यभर कचेरीत गिळलेलं सगळं त्यांनी त्यात ओतलं होतं.

दौंडला रेल्वेतल्या हौशी मंडळींनी एकांकिकांची स्पर्धा ठेवली होती. आनंदरावांनी नाव नोंदवलं. सत्यजितच्या कामाला शेजारचे इनुसभाई मुलाणी उभे राहिले. इनुसभाई कांद्याचे अडते; रोज बाजारात लिलाव पुकारून आवाज असा तयार झालेला, की माईक बंद पडला तरी न्हावऱ्याच्या माणसाला कळावं सत्य म्हणजे काय. सत्यजितच्या बायकोचं, सुशीलाचं काम बालवाडीच्या शितल गव्हाणे बाईंकडे होतं. बाकी साहेब, शिपाई वगैरे किरकोळ पात्रं कचेरीतलीच घेतली होती.

पण नाटक लिहिलं की ते कुणीतरी ढापणार, हे आनंदरावांनी गृहीत धरलं होतं. आणि तो कुणीतरी कोण, हेही ठरलेलं होतं. दौंडचे तात्याबा जगदाळे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दरवर्षी स्वतः लिहिलेली एकांकिका बसवणारे आणि दरवर्षी बक्षीस नेणारे. एवढी बक्षिसं माणूस स्वतःच्या डोक्यानं मिळवतो, हे आनंदरावांना पटण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी बंदोबस्त केला. अख्खं नाटक कुणालाच द्यायचं नाही. प्रत्येकाला फक्त त्याच्या वाक्यांची चिठ्ठी, आणि तालीम संपली की चिठ्ठ्या परत. परत आलेल्या चिठ्ठ्या ते चांगुणाबाईंच्या बंबात घालत. अख्खं नाटक एकाच जागी होतं: त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये.

तेवढ्यानंही त्यांना झोप येईना. म्हणून त्यांनी संपतला बोलावलं. संपत सणसवाडीला राहायचा आणि मोटारसायकलवर शिरूर, दौंड, पाटस असा फिरून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं मशीन चालू करून पाहिलं आणि म्हणाला, “सर, हे लिहायचं सॉफ्टवेअर लई जुनं झालंय. नवीन टाकतो. सेफ्टी जास्त हाय.”

‘सेफ्टी’ हा शब्द ऐकल्यावर आनंदरावांनी पुढचं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नाटक उघडायला बसले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओपन’ म्हटलं की एक लहानशी करड्या रंगाची खिडकी यायची. आत नावांची सरळ यादी, एकाखाली एक, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी. वरून खाली बोट फिरवायचं, ‘सूर्य’ सापडला की दाबायचं. त्या खिडकीवर आनंदरावांचा, त्यांचा कशावर बसेल तेवढा, विश्वास बसला होता.

आता ‘ओपन’ म्हटलं तर निम्मा पडदा व्यापणारी, निळसर, काचेसारखी चकाकणारी खिडकी आली. डावीकडं एक पट्टा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं: आवडत्या जागा. आनंदराव मागं सरकले. आपल्या आवडत्या जागा त्यांनी चांगुणाबाईंनाही कधी सांगितल्या नव्हत्या. ह्याला कुणी सांगितल्या? त्याखाली ‘अलीकडं भेट दिलेल्या जागा’. म्हणजे आपण कुठं जातो येतो, यावर पाळत! वर कोपऱ्यात भिंगाचं चित्र. भिंग कशासाठी? कोण कुणाला बघणार त्यातून?

त्यांनी भिंगाला हात लावला नाही. घाबरून दुसरंच काहीतरी दाबलं, तर सगळी चित्रं एवढी मोठी झाली की एका पिवळ्या फोल्डरनं खिडकी भरून गेली. ती लहान करताना पट्टा गायब झाला. पट्टा आणताना खिडकीच बंद झाली. अखेर घामाघूम होऊन ते आपल्या ‘आनंद’ नावाच्या फोल्डरपाशी पोचले आणि त्यांनी तो उघडला.

आत काहीच नव्हतं.

नाटक नव्हतं. रजेचे अर्ज नव्हते. गणेश मंडळाचा अहवाल नव्हता. चांगुणाबाईंच्या भाच्याचं अभिनंदनपत्रही नव्हतं. फोल्डर जागच्या जागी आणि आत शुकशुकाट. कुलूप शाबूत ठेवून घरातली भांडीकुंडी उचलून न्यावीत, तसं.

“गेलं!” आनंदराव एवढ्या जोरात ओरडले की चांगुणाबाई हातातलं लाटणं घेऊनच आल्या.

“काय गेलं?”

“नाटक! आणि नुसतं नाटक न्हाई, सगळंच नेलं. चोर हुशार आहे. नुसतं नाटक नेलं असतं तर तात्याबावर संशय आला असता. म्हणून बाकीचंही नेलं.”

“माझ्या भाच्याचं पत्र तात्याबा कशाला नेतील?”

“संशय येऊ नये म्हणून!”

एवढं स्पष्ट सांगूनही चांगुणाबाईंना कळलं नाही, तेव्हा ते गप्प बसले. त्यांच्या डोक्यात साखळी जुळली होती. संपत शिरूरला येतो. संपत दौंडला जातो. दौंडला तात्याबा राहतात. त्यांनी संपतला फोन लावला.

“नाटक कुठंय?” नमस्कार वगैरे काही नाही.

“कुठलं नाटक सर?”

“तात्याबानं किती दिले तुला?”

पलीकडं थोडा वेळ नुसता मोटारसायकलचा आवाज आला. मग संपत म्हणाला, “सर, असं बोलू नका. काय दिसत न्हाई ते सांगा. फाईल दिसत न्हाई ना? मग आधी खाली बघा...”

“खाली बघा? मला मान खाली घालायला सांगतोस? तू?” म्हणून आनंदरावांनी फोन बंद केला. तरीसुद्धा न जाणो, म्हणून त्यांनी टेबलाखाली बघितलं. तिथं वायरींच्या गुंत्यात चांगुणाबाईंची हरवलेली केसांची पिन सापडली.

सकाळपर्यंत आळीत बातमी झाली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या अनसाबाई म्हणाल्या, “आवं, मिशिनीला दृष्ट लागली आसंल. मीठ-मोहऱ्या उतरून टाका.” त्यांनी लगेच उतरूनही टाकल्या, दोन मोहऱ्या कीबोर्डात पडल्या आणि ‘म’ हे अक्षर दाबलं की तीन-तीनदा उमटू लागलं. इनुसभाई म्हणाले, “दसगुडेसाहेब, आडवा करून हलवा. माझा रेडिओ असाच सुधारला.” त्यांच्या बेगम नजमुन्निसाभाभी भिंतीवरून म्हणाल्या, “हलवू नका हो. राहिलंय तेही सांडंल.” कचेरीतल्या एकानं सांगितलं, रात्रभर बंद ठेवा, थंड पडला की आपोआप ध्यानात येतं त्याच्या. आनंदरावांनी हलवणं सोडून सगळं केलं. आणि सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. एवढी आपुलकी उगीच नसते.

मग ते पोलीस चौकीवर गेले. हवालदार समोर कागद ओढून बसले.

“काय चोरीला गेलं?”

“फाईल.”

“कुठल्या खात्याची?”

“माझी स्वतःची.”

“नोकरी कुठं तुमची?”

“पाटबंधारे.”

हवालदारांनी मान वर केली. “म्हंजी सरकारी फाईल तुम्ही घरी नेली व्हती.”

“अहो न्हाई! कॉम्प्युटरमधली फाईल.”

“रंग?”

“तिला रंग नसतो.”

“जाडी सांगा मग. किती कागद? केवढी व्हती?”

आनंदरावांनी आठवून सांगितलं, “एकशे बारा केबी.”

हवालदारांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, “ह्यो केबी कोण? राहायला कुठं?”

केबी हा माणूस नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. समजावून झाल्यावर हवालदार म्हणाले, “बरं, न्हाई तर न्हाई. पर संशयित म्हणून नाव ऱ्हाऊ द्या. खोडलं तर कागद खराब दिसतो.” अखेर अर्ज दाखल झाला. त्याचा अर्थ एवढाच निघत होता, की पाटबंधारे खात्याच्या लिपिकाच्या राहत्या घरातून फाईल गहाळ झाली असून संपत व केबी नावाच्या इसमांवर संशय आहे.

हे कचेरीत पोचायला दुपार झाली. साहेबांनी आनंदरावांना आत बोलावलं. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना बसायला सांगितलं नाही.

“दसगुडे, तुम्ही कुठली फाईल घरी नेली होती?”

“साहेब, ते नाटक होतं.”

“नाटक होतं की खरं होतं, ते चौकशीत कळेल.”

आणि कचेरीतल्या सगळ्या फायली मोजायचा हुकूम सुटला. कपाटं उघडली गेली. पूर्वी कधी न उघडलेली कपाटं उघडली गेली, आणि ती का उघडत नसत हे सगळ्यांना शिंकांवरून कळलं. कालव्याच्या एका चारीच्या दुरुस्तीची फाईल खरोखरच सापडेना, तेव्हा सगळी कचेरी आनंदरावांकडं बघू लागली. संध्याकाळी ती चहाच्या स्टोव्हखाली सापडली. स्टोव्हचा एक पाय आखूड होता. पण मधल्या वेळात ज्या नजरा आनंदरावांवर रोखल्या गेल्या, त्या नजरांखाली ते चिरडून गेले. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. कुणी आपल्यावर घेतला तर कसं वाटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते त्या दिवशी डबा न खाता घरी आले.

पण म्हणून तात्याबाला सोडायचं नव्हतं. रविवारी त्यांनी दौंडची एसटी पकडली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत रांगत गाडी पोचली. रेल्वे लाईनीजवळच्या एका शाळेत तात्याबांची तालीम चालते, असं कळलं होतं. आनंदराव शाळेच्या मागच्या बाजूनं गेले आणि खिडकीखाली कान लावून उभे राहिले. आत कुणीतरी बोलत होतं. पण तेवढ्यात मालगाडी आली. दौंडला मालगाडी आली की ती लवकर संपत नाही. ती गेली तेव्हा खिडकीत मफलर गुंडाळलेलं एक डोकं होतं.

“दसगुडे ना तुम्ही? शिरूरचे? आवं, मग आत या की! थंडीत काय उभं ऱ्हायला?”

ते तात्याबा. त्यांनी आनंदरावांना हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि नाटक पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं. पाहुणा आलाय म्हणून. एका जुन्या स्टेशनमास्तराची गोष्ट होती. आनंदराव तिच्यात आपली वाक्यं शोधत बसले. नीतिमत्ता नाही, सूर्य नाही, नवऱ्याला ‘नाथ’ म्हणणारी बायको नाही. फारच काळजीपूर्वक चोरलं होतं. आणि मग मास्तर बायकोला म्हणाला, “अगं, दार लाव. वारा येतोय.”

आनंदराव उभेच राहिले. “हे! हे वाक्य माझं आहे! जसंच्या तसं!”

तालीम थांबली. तात्याबांनी शांतपणे विचारलं, “दार लाव?”

“दार लाव. वारा येतोय. माझा सत्यजित घरी आल्या आल्या हेच म्हणतो.”

“आवं दसगुडे,” तात्याबा म्हणाले, “वारा आल्यावर माणूस दुसरं काय म्हणंल?”

आनंदराव खाली बसले आणि हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. तात्याबा हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी अख्खं नाटक गेलं? आन् स्पर्धा तर येत्या रविवारी. काय करणार तुम्ही? आवं, नटांना तर पाठ आसंल की! त्यांना बशिवा आन् बोलतं करा. नाव मागं घेऊ नका. दरसाली आमचे आम्हीच टाळ्या वाजवतो, कटाळा आलाय.”

परतीच्या एसटीत आनंदराव विचार करत होते: या माणसाला आपलं एवढं प्रेम का? यात काय डाव आहे? डाव सापडला नाही, म्हणून त्यांना जास्तच काळजी वाटली. पण सल्ला बरोबर होता, आणि दुसरा उपायही नव्हता.

सोमवारी सगळे इनुसभाईंच्या ओसरीवर जमले. आनंदराव कोरे कागद घेऊन बसले. साहेब, शिपाई यांची वाक्यं पटापट आली. सत्यजितचं भाषण आलं तिथं इनुसभाई अडले.

“लोकहो, सत्य ही एक अशी ज्योत आहे, की जी... जी...”

“पुढं?”

“साहेब, खरं सांगू का? ते मला कवाच पाठ नव्हतं. तुमच्या चिठ्ठीवर बघून म्हणत व्हतो.”

“मग आता?”

इनुसभाई उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग लिलावाच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, “साहेब, खुर्ची तुमची, ती ठेवा. पेन माझा हाय, तेवढा मी नेतो.” आणि खिशाला पेन लावून ते ओसरीच्या पायऱ्या उतरून गेले.

भिंतीपलीकडून नजमुन्निसाभाभी म्हणाल्या, “या अल्ला, किती छान.”

“हे माझं न्हाई,” आनंदराव म्हणाले. “भाषण कुठंय? सत्य, न्याय, नीतिमत्ता कुठंय?”

इनुसभाई पायऱ्या चढून परत आले. मग शितलबाईंची पाळी आली. सत्यजित घरी येऊन राजीनाम्याची बातमी सांगतो. त्यावर सुशीलाचं वाक्य होतं, ‘नाथ, आपल्या निर्धारापुढे ही दासी नतमस्तक आहे.’ शितलबाईंनी ते म्हटलं. मग त्या जरा घुटमळल्या.

“सर, दुसरं म्हणून बघू का?”

“बघा,” आनंदराव थकून म्हणाले.

शितलबाईंनी पदर खोचला, इनुसभाईंच्या रिकाम्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, “राजीनामा दिला ते बरं केलं. पर डबा कुठं इसरला?”

ओसरी हसली. शिपायाचं काम करणारा तर खांबाला धरून हसला. आनंदराव मात्र ताठ झाले. “शितलबाई, हे गंभीर नाटक आहे. आणि ‘विसरला’ म्हणा.”

“सर, आमच्या वडलांनी कंपनीतली नोकरी सोडली, ते दुपारीच घरी आले. आईला त्यांनी सांगितलं, तर आई हेच म्हणली. डबा कुठं इसरला? आन् मग सैपाकघरात जाऊन कितीतरी वेळ बाहेरच आली न्हाई.”

हसणं थांबलं. आनंदरावांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. पण दुसरा उपाय नसल्यामुळं आठवडाभर तालीम तशीच झाली, आणि प्रत्येक तालमीला ते “हे माझं न्हाई” असं निदान एकदा तरी म्हणत राहिले.

शनिवारी त्यांना स्पर्धेसाठी दुसऱ्या दिवशी मुख्यालय सोडायची परवानगी मागणारा अर्ज टाईप करायचा होता. साहेबांनी तो मुद्दाम मागितला होता. त्यासाठी जुना अर्ज असता तर, असा विचार करत त्यांनी पुन्हा ती निळी खिडकी उघडली. फोल्डर रिकामाच. माऊस सरकवताना हात घसरला आणि खिडकीच्या अगदी खाली, कोपऱ्यात, एका बारीक फटीवर बाण गेला. फटीतून एक यादी लोंबली. तिच्यातलं शेवटचं त्यांनी चुकून दाबलं: सगळ्या फायली.

शाळा सुटावी तशा फायली बाहेर आल्या. अर्ज, अहवाल, भाच्याचं पत्र आणि मधोमध ‘सूर्य’.

“परत आणून ठेवलं!” आनंदराव म्हणाले. “पोलिसांना भिऊन परत ठेवलं चोरानं!”

त्यांनी हळूच ती फट पुन्हा होती तशी केली. फायली गेल्या. पुन्हा ‘सगळ्या’ दाबलं. आल्या. गेल्या. आल्या. चांगुणाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. नवं सॉफ्टवेअर, दुसरं काही सांगितलं नाही तर, फक्त स्वतःच्या नव्या जातीच्या फायली दाखवत होतं. जुन्या जागच्या जागी असूनही लपवत होतं. आनंदरावांच्या लक्षात आलं. आणि त्याच क्षणी ‘आधी खाली बघा’ म्हणजे कुठं बघायचं होतं, तेही लक्षात आलं.

“संपतला फोन करा,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“करतो.”

“आत्ता करा.”

फोन करायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा चौकीवर तक्रार द्यायलाही लागला नव्हता. “संपत, मी दसगुडे. माझं चुकलं,” एवढंच त्यांना म्हणता आलं. संपत म्हणाला, “सर, हवालदारांनी मला दोनदा बोलावलं. आन् दोन्ही वेळा त्या केबीचा पत्ता विचारला.” मग तो हसला. आनंदरावांना हसू आलं नाही, पण या वेळी त्यांनी फोन आपणहून बंद केला नाही. चौकीवर मात्र तक्रार मागं घेताना हवालदार अडून बसले: मिळालेली वस्तू समोर हजर करा. अखेर आनंदरावांनी नाटक छापून नेलं. हवालदारांनी ते हातात तोलून पाहिलं, चार ओळी वाचल्या आणि लगेच परत केलं.

आता खरं नाटक हातात होतं. रविवारी सकाळी जीपमध्ये सगळ्यांच्या हातात आनंदरावांनी छापील कागद दिले. “मूळ संहिता मिळाली आहे. आज हीच करायची.” जीप न्हावऱ्याच्या पुढं गेली तरी कागद कुणी उलटला नाही. मग इनुसभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमचं नाटक हाय साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

दुपारी पडदा उघडला. आनंदराव विंगेत कागद घेऊन प्रॉम्प्टिंगला उभे होते. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेले तात्याबा. ‘दार लाव’वर तात्याबांनी विंगेकडं बघून मान डोलावली. मग भाषण आलं. “लोकहो, सत्य ही एक अशी ज्योत आहे,” इनुसभाई गर्जले. आनंदराव आतून पुरवत होते, इनुसभाई बाहेर पुकारत होते. न्यायापर्यंत हॉल शांत होता. नीतिमत्तेपाशी खोकला सुरू झाला. कुठंतरी एक पोरगं रडायला लागलं आणि त्याच्या आईला बाहेर जायला निमित्त मिळालं, तिच्या मागून आणखी काहींना मिळालं. इनुसभाईंच्या कपाळावर घाम दिसत होता. ते थांबले. विंगेकडं बघितलं. आनंदरावांच्या बोटाखाली पुढचं वाक्य होतं: ‘हे अंधारलेल्या समाजा!’

समोर तात्याबा खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसले होते, मुठी आवळून. आपल्या माणसाचं नाटक पडायला आल्यावर बसावं, तसे. आनंदरावांनी त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ शोधलं. डाव नव्हता.

“पेन,” आनंदराव विंगेतून कुजबुजले.

इनुसभाईंना ऐकू आलं नसावं, का खरं वाटलं नसावं.

“पेन माझा हाय म्हणा! नेतो म्हणा!”

इनुसभाईंनी खोल श्वास घेतला. आवाज खाली आणला. “साहेब, खुर्ची तुमची, ती ठेवा. पेन माझा हाय, तेवढा मी नेतो.” पेन खिशाला लावून ते गेले. खोकला थांबला होता. पुढच्या प्रवेशात शितलबाई बातमी ऐकून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही विंगेकडं बघितलं. हातात नाथ आणि दासी असलेला कागद धरून आनंदराव म्हणाले, “डबा.”

पहिल्यांदा हॉल हसला. मोठ्यानं, वरपर्यंत हसला. मग शितलबाई पाठ फिरवून आत गेल्या आणि रंगमंचावर इनुसभाई रिकामे हात घेऊन एकटे राहिले, तेव्हा हसणं आपोआप बारीक होत गेलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक पुसलं. आनंदरावांनी चष्मा काढला. धूळ फार होती त्या हॉलमध्ये.

पहिलं बक्षीस तात्याबांना मिळालं, अभिनयाचं शितलबाईंना. परीक्षक तात्याबांच्या ओळखीचे असणार हे आनंदरावांनी मनात टिपून ठेवलं, पण या वेळी कुणाला सांगितलं नाही. तात्याबा मात्र स्वतःच त्यांना शोधत आले.

“दसगुडे, मला तुमचं नाटक द्या. फुडल्या साली आम्ही करतो. तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकतो.”

आनंदरावांनी हातातले छापील कागद पुढं केले. मग मागं घेतले. “हे न्हवे. आज झालं ते पाहिजे ना तुम्हाला?”

“व्हय, ते डब्याचं.”

“ते कुठंच लिहिलेलं न्हाई.”

“मग लिवा की,” तात्याबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर आनंदरावांनी इनुसभाई आणि शितलबाईंना बोलावून घेतलं. चांगुणाबाईंनी भजी केली. निळ्या खिडकीला वळसा घालून आनंदरावांनी नवं कोरं पान उघडलं, आणि दोघांनी सांगायचं, त्यांनी टाईप करायचं, असं सुरू झालं. ‘म’ अजून तीन-तीनदा उमटत होता, त्यामुळं काम सावकाश चाललं होतं. शितलबाईंचं वाक्य आलं. आनंदरावांनी टाईप केलं, ‘डबा कुठं विसरला?’

शितलबाई नुसत्या पडद्याकडं बघत राहिल्या.

आनंदरावांनीही बघितलं. मग ‘वि’ खोडला, तिथं ‘इ’ लिहिला आणि विचारलं, “बरं, मग आई आत गेल्यावर वडील काय म्हणाले?”